'शर्ली व्हॅलेंटाइन' पाहताना आमच्या प्रेक्षकांना नवऱ्याचीच दया का आली?

प्रश्न : रामबागवाली

सप्रेम नमस्कार.

इंदुरात रामबागेजवळच्या एका जुन्या घराच्या दिवाणखान्यात आम्ही वीस-बावीस जण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमतो, भिंतीवर पांढरी चादर ताणतो आणि एखादा जुना चित्रपट पाहतो. नंतर चहा आणि शेव-पोहे होतात आणि खरी रंगत तेव्हाच येते, कारण चित्रपट चालू असताना जे मनात दाबून धरलेले असते ते सगळे तिथे बाहेर पडते. या वेळी निवड माझी होती. मी 1989 चा 'शर्ली व्हॅलेंटाइन' हा ब्रिटिश चित्रपट लावला आणि चहाच्या वेळी असा काही वाद झाला की आठवडा उलटला तरी तो माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून इथे विचारते आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिव्हरपूलची बेचाळीस वर्षांची गृहिणी शर्ली ब्रॅडशॉ, माहेरची व्हॅलेंटाइन. मुलगा आणि मुलगी मोठी होऊन घराबाहेर पडलेली, नवऱ्याचे नाव 'जो', तो घड्याळाच्या काट्यावर चालणारा. घरात बोलायला कोणी नाही म्हणून ही बाई स्वयंपाकघराच्या भिंतीशी बोलते. तिची मैत्रीण जेन स्पर्धेत दोघींसाठी ग्रीसची सहल जिंकते आणि शर्ली नवऱ्याला न विचारता निघून जाते, ती पुढे परतत नाही. विली रसेल यांचे मूळ नाटक एकपात्री आहे. सगळी माणसे तिच्याच तोंडून उभी राहतात आणि रंगमंचावर दुसरे कोणीही येत नाही. चित्रपटाची पटकथाही रसेल यांचीच आहे आणि दिग्दर्शक लुइस गिल्बर्ट आहेत.

आमच्याकडे पहिला मोठा हशा भलत्याच जागी पिकला. गुरुवार हा जोचा मांस खाण्याचा ठरलेला दिवस असतो. शर्लीने ते मांस शेजाऱ्यांच्या शाकाहारी कुत्र्याला घातलेले असते, म्हणून ती जोपुढे अंडी आणि बटाट्याचे तळलेले काप ठेवते आणि तो भडकतो. आमच्यातल्या निम्म्या घरांत गुरुवार दत्ताचा. 'गुरुवारी अंडं नाही म्हणून भांडण ऐकलं होतं, अंडंच का म्हणून भांडण पहिल्यांदा पाहतेय,' असे एक काकू म्हणाल्या आणि सगळी खोली हसून लोटपोट झाली. पुढच्याच क्षणी जो ती बशी तिच्या अंगावर ढकलतो आणि तो हशा अर्ध्यावर तुटला. त्यानंतरची शांतता मी अनेक दिवसांत अनुभवली नव्हती. एरवी कोणी ना कोणी पाणी मागते, कोणाचा फोन वाजतो, पण तेव्हा काही म्हणजे काही ऐकू आले नाही.

इतके सगळे मला हवे तसे चालले होते. ग्रीसमध्ये गेल्यावर मात्र चुळबूळ सुरू झाली. खाणावळवाल्या ग्रीक कोस्टासबरोबरचा होडीतला प्रेमप्रसंग आला तेव्हा दोन काका चहा टाकायला म्हणून उठले. (त्या घरात चहा काकांनी टाकल्याचे कोणी पाहिलेले नाही.) शेवटी जो तिला न्यायला ग्रीसला येतो, समुद्राकाठच्या रस्त्याने चालत येतो आणि खुर्चीवर बसलेल्या स्वतःच्या बायकोला न ओळखता पुढे निघून जातो. माझ्या समजुतीप्रमाणे सगळ्या गोष्टीचा काटा याच प्रसंगात आहे. ती इतकी बदलली आहे की नवऱ्याने तिला कधी नीट पाहिलेच नव्हते, हे त्या एका चुकलेल्या नजरेत कळते. आणि नेमक्या त्या जागी आमच्या खोलीत तीन-चार आवाज एकदम उठले, 'अगं, बिचारा!'

चहाच्या वेळी मग जोची बाजू घेणाऱ्यांची रांगच लागली. तो दारू पिऊन मारत नव्हता, पगार घरी आणत होता, दमून येत होता, शेवटी तिच्यासाठी एवढा प्रवास करून आला. एका ताईंनी 'इंग्लिश विंग्लिश'मधल्या श्रीदेवीचा दाखला दिला, की तीही दुखावली होती, परदेशी जाऊन भाषा शिकली, मान मिळवला, पण परत घरी आली. विशेष म्हणजे हे बोलणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या, आणि त्यांतल्या दोघींना मी त्यांच्या स्वतःच्या नवऱ्यांबद्दल याहून कितीतरी कठोर बोलताना ऐकले आहे.

मी हे नाटक अनेक वर्षांपूर्वी पुस्तकात वाचले होते. वाचताना जोबद्दल दया आल्याचे मला अजिबात आठवत नाही. म्हणून प्रश्न असा की हा फरक नेमका कुठून आला? आमचे प्रेक्षकच तसे आहेत, की नाटकाचा चित्रपट होताना या गोष्टीत असे काही बदलले ज्यामुळे प्रेक्षकाची सहानुभूती एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर सरकली? ज्यांनी दोन्ही रूपे पाहिली किंवा वाचली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : विंगेतला माणूस

रामबागवाली ताई, प्रश्न फार मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर, माझ्या मते, तुमच्याच एका वाक्यात दडलेले आहे. तुम्ही लिहिले आहे की सगळी माणसे तिच्याच तोंडून उभी राहतात.

मी आयुष्याची बरीच वर्षे हौशी रंगभूमीवर घालवली आहेत, बहुतेक वेळ पडदा ओढण्यात आणि प्रॉम्प्टिंग करण्यात. विंगेतून प्रयोग पाहणाऱ्याला नटापेक्षा प्रेक्षकांचे चेहरे जास्त दिसतात. त्या अनुभवावरून सांगतो की एकपात्रीत प्रेक्षक हा पाहणारा नसतो, तो साथीदार असतो. बाई म्हणते, 'मग जो असा आला आणि असा बसला,' आणि आपल्यातला प्रत्येक जण आपल्या ओळखीचा एकेक जो त्या रिकाम्या खुर्चीवर बसवतो. त्याचा आवाज ती काढते, त्याची चाल ती दाखवते, म्हणजे तो आपल्यापर्यंत येतो तो तिच्या नकलेतून गाळून. ज्याची नक्कल होते त्याची दया सहसा येत नाही. लग्नाच्या अख्ख्या वऱ्हाडाला एकट्याने विमानात बसवणारा तो लक्ष्मण देशपांड्यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी काय म्हणतो ते लगेच उमगेल. त्या माणसांवर आपण प्रेम केले, पण ते देशपांड्यांच्या नजरेने केले.

चित्रपटात जोची भूमिका बर्नार्ड हिल यांनी केली आहे आणि ती वाईट केली असती तर तुमच्या काकू 'बिचारा' म्हणाल्या नसत्या. त्यांनी जोला एक थकलेला, गोंधळलेला, आतून घाबरलेला चेहरा दिला. कॅमेरा एकदा का त्या चेहऱ्यावर थांबला की शर्लीची साक्ष ही एकमेव साक्ष राहत नाही. कोर्टात दुसरा साक्षीदार उभा राहिला, मग पहिल्या साक्षीची उलटतपासणी आपोआप सुरू होते.

थोडा मागचा इतिहास सांगतो, कारण तो या मुद्द्याशी जोडलेला आहे. हे नाटक 1986 साली लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये प्रथम झाले, तेव्हा नोरीन करशॉ ही भूमिका करत होत्या. मध्येच त्या आजारी पडल्या, तेव्हा स्वतः विली रसेल यांनी, म्हणजे नाटककार पुरुषाने, शर्ली होऊन काही प्रयोग केले आणि प्रयोग चालले. जरा विचार करा, समोर ना ती बाई, ना ते स्वयंपाकघर भोगलेला देह, तरी लोक ऐकत राहिले. याचा अर्थ या नाटकाचा प्राण दिसण्यात नसून बोलण्याच्या लयीत आहे. रसेल नाटककार होण्यापूर्वी काही वर्षे बायकांचे केस कापण्याचा व्यवसाय करत होते. आरशासमोर बसलेली बाई आरशाकडे पाहत बोलत असते आणि मागे उभा माणूस फक्त ऐकत असतो, अशा स्थितीत त्यांची उमेदीची वर्षे गेली. शर्लीची भिंत मला त्या आरशाचीच बहीण वाटते.

1988 मध्ये लंडनला सायमन कॅलो यांच्या दिग्दर्शनाखाली पॉलीन कॉलिन्स यांनी ती केली, त्यासाठी त्यांना लंडनच्या रंगभूमीचा मानाचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला, आणि दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तसाच मानाचा टोनी. चित्रपटातही त्याच आहेत. म्हणजे नटी तीच, लेखक तोच, बोलणेही बरेचसे तेच. बदलले काय, तर ज्यांच्याबद्दल बोलायचे ती माणसे आता स्वतः हजर झाली.

आणखी एक गोष्ट, जी पडद्यावर कधीच येऊ शकत नाही. नाटकाच्या पहिल्या अंकात शर्ली बोलता बोलता खरोखर अंडी आणि बटाट्याचे काप तळते. तेल तापते, वास सभागृहात पसरतो. तिच्या कष्टाचा वास नाकात असताना न आलेल्या नवऱ्याची बाजू कोण घेईल?

उत्तर : मल्हारगंज

वरील उत्तर आवडले, परंतु मला ते पूर्ण पटत नाही, आणि क्षमा असावी, त्यात रंगभूमीवरच्या प्रेमाने थोडी मेहेरबानी केलेली दिसते.

गेली तेवीस वर्षे मी या शहरात सून म्हणून आहे आणि सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाट्यप्रयोगांना सासूबाईंबरोबर नियमाने जाते आहे. मुंबई-पुण्याहून आलेल्या नाटकांत एखादी बाई शेवटी घराचा उंबरठा ओलांडते तेव्हा आमच्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या टाळ्या खऱ्या असतात, मी त्यांना खोट्या म्हणणार नाही. पण प्रयोग सुटल्यावर स्कूटर काढताना जे संवाद कानावर पडतात ते निराळे असतात. 'मुलांचं काय पण?' 'तो काही इतका वाईट नव्हता हो.' म्हणजे सभागृहात प्रेक्षक बाईचा असतो आणि गाड्यांच्या रांगेत पोहोचेपर्यंत तो कुटुंबाचा झालेला असतो. रामबागवाली ताईंच्या दिवाणखान्यात सभागृह आणि गाड्यांची रांग ही एकच जागा होती, इतकाच फरक. टाळ्या वाजवण्याची सोय नव्हती, म्हणून दुसरी प्रतिक्रिया आधी ऐकू आली.

दुसरे असे की 'बिचारा' म्हणणाऱ्या बायकांना आपण फार लवकर जुनाट ठरवतो. चाळीस वर्षे जिने एका माणसाच्या चहाची साखर, बनियनचे माप आणि रक्तदाबाची गोळी लक्षात ठेवली, तिला परक्या देशात एकटा, चुकलेला, घामेजलेला नवरा दिसला तर तिच्या तोंडून आधी काय निघेल? ते मत नसते, ती हाताची सवय असते. रस्त्यात कोणाचेही मूल पडले तरी आपण 'अगं बाई' म्हणतोच. त्यावरून त्या काकू शर्लीच्या विरोधात आहेत असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्यांना एकेकटीला गाठून विचारा, असे मी सुचवीन. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला बाई चारचौघांचे उत्तर देते.

मला स्वतःला सर्वांत जास्त टोचला तो मुलीचा प्रसंग. मिलांड्रा घरी परत राहायला येते, आईने पूर्वीसारखे लाड करावेत अशी तिची अपेक्षा असते, आणि आई ग्रीसला जाणार हे कळताच तिला किळस वाटते, की दोन प्रौढ बायका अशा कशा हिंडायला निघाल्या. तुमच्या खोलीत त्या प्रसंगाला काय झाले, ते तुम्ही लिहिलेले नाही. नवऱ्याची दया करणे सोपे असते. मुलीच्या नजरेत आपण हास्यास्पद ठरतो, त्याचे काय करायचे, हे कोणी चहावर बोलत नाही.

उत्तर : पुण्यात अडकलेला इंदुरी

माझा मुद्दा छोटा आहे. आपण सर्वांनी चित्रपट इंग्रजी अक्षरपट्ट्या वाचत पाहिला असणार. शर्ली लिव्हरपूलच्या बोलीत बोलते आणि त्या बोलीला लंडनमध्ये एक ठरावीक हसू मिळते. ते काय असते, हे पुणेकराला समजावून सांगता येत नाही, पण इंदुरी माणसाला एका वाक्यात कळेल. मी इथे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात 'मी येऊनच राहिलो होतो' असे म्हणालो आणि कचेरीतल्या सहा जणांनी माना वर केल्या. आजही कोणी ना कोणी ते वाक्य मला परत ऐकवतो. शर्लीची गंमत अशा बोलीत आहे जिला आधी लोक हसतात आणि मग त्यांच्या लक्षात येते की बोलणारी बाई त्यांच्याहून हुशार आहे. अक्षरपट्टीत ही बोली सपाट होते, तिची हुशारी बरीचशी गळते, आणि मागे उरते ती फक्त घर सोडणारी बाई. अशी बाई नुसती उरली की मग तिच्या नवऱ्याची दया येणारच.

मराठीत हे कोणी करणार असेल तर कृपा करून सदाशिव पेठेतल्या मराठीत करू नये.

रामबागवाली

सर्वांचे मनापासून आभार. मल्हारगंज ताई, तुमचा सल्ला मी मानला. तीन काकूंना वेगवेगळ्या गाठून विचारले आणि चित्रपटही पुन्हा एकदा एकटीने पाहिला.

आधी मुलीच्या प्रसंगाबद्दल. खोलीत त्या वेळी कोणी काहीच बोलले नाही, म्हणून तो माझ्या लेखातून निसटला. पण 'बिचारा' म्हणणाऱ्या ज्या काकू होत्या, त्यांनी मला एकटीला सांगितले की त्यांना रात्री झोपताना जो आठवला नाही, मुलगी आठवली. त्यांची स्वतःची मुलगी परदेशी असते आणि काकूंनी मध्यंतरी पोहायला शिकायचे ठरवले तेव्हा ती फोनवर इतकी हसली की काकूंनी तो विषयच सोडून दिला. हे त्यांनी मला ओट्यापाशी, भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता सांगितले. त्यांच्या समोर भिंतच होती.

आता दुसरी गोष्ट, आणि ही विंगेतल्या माणसाशी थोडी भांडणारी आहे. काका, तुम्ही म्हणता की माणूस प्रत्यक्ष दिसला की तिच्या साक्षीला धक्का बसतो. जोच्या बाबतीत मला ते आता पटले. पण शेजारीण गिलियनचे काय? शर्लीकडे जे असेल त्याहून वरचढ आपल्याकडे आहे असे सांगणारी ही बाई नाटकात निव्वळ चेष्टेचा विषय होऊ शकली असती. शर्ली प्रियकराबरोबर चालली आहे असा तिचा गैरसमज होतो, आणि ती टोमणा मारण्याऐवजी एक सुंदर रेशमी झगा आणून देते, जो तिने स्वतः कधी घातलेला नसतो, कारण तेवढे धाडस तिच्यापाशी कधी नव्हते. चित्रपटात ज्युलिया मॅकेन्झी यांचा त्या क्षणीचा चेहरा पाहून आमच्याकडे दोघींनी पदर डोळ्यांना लावला. तो झगा नुसता ऐकून इतके झाले असते का? मला शंका आहे. तेव्हा दाखवण्यात नेहमीच तोटा होतो असे नाही. ज्या माणसाकडे लपवलेले काहीतरी असते त्याला चेहरा मिळाला की लाभ होतो, आणि जोचा दोष असा आहे की त्याच्याकडे लपवलेले काहीच नाही, त्याच्याकडे फक्त सवय आहे. सवयीला चेहरा दिला की ती थकव्यासारखी दिसते आणि थकलेल्या माणसावर आपण रागावू शकत नाही.

उत्तर : विंगेतला माणूस

ताई, गिलियनच्या बाबतीत माघार घेतो. तुमचा मुद्दा बिनतोड आहे.

मात्र शेवटाबद्दल एक भर घालतो. नाटकाच्या शेवटी जो येतच नाही. दुसरा अंक ग्रीसमध्ये, समुद्राकाठी. भिंतीच्या जागी आता एक खडक आहे आणि ती त्याच्याशी बोलते. जो येणार आहे एवढेच तिला ठाऊक आहे, आणि तो आला तर आपण त्याला आपली ओळख नव्याने करून देऊ आणि सोबत बसायला बोलावू, असे ती सांगते. म्हणजे ज्याला ती बोलावते ती खुर्ची प्रेक्षकांपैकी कोणाचीही असू शकते, आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे कोणा एखाद्या पुरुषाने त्या क्षणी चोरून पाहिले असेल तर नाटकाचे काम झाले. चित्रपटाला असे मोघम राहता येत नाही. तिथे कोणाला तरी त्या रस्त्याने चालत यावेच लागते. आणि न ओळखता पुढे जाण्याचा तो प्रसंग, जो तुम्हाला काटा वाटतो आणि मलाही वाटतो, तो बर्नार्ड हिल यांना दाखवल्याशिवाय मिळाला नसता. रसेल आणि गिल्बर्ट यांनी एक किंमत मोजून ती वस्तू घेतली आहे. तुमच्या दिवाणखान्यातला 'बिचारा' ही त्या किमतीची पावती.

उत्तर : सिनेमाची वही

चर्चा वाचून राहवले नाही. लुइस गिल्बर्ट यांचे नाव वर आले आहे, पण त्यांचा 1966 चा 'अल्फी' कोणी आठवलेला दिसत नाही. त्यातही मूळ नाटक आहे, तेही ब्रिटिश, आणि त्यातही मायकल केन सरळ कॅमेऱ्याकडे पाहून प्रेक्षकांशी बोलतो. तेवीस वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने तीच युक्ती शर्लीला दिली. दोन्ही लागोपाठ पाहिल्यास एक विलक्षण फरक जाणवतो. अल्फी कॅमेऱ्याशी बोलतो तेव्हा तो आपल्याला आपल्या कटात सामील करून घेतो, बढाई मारतो, कारण त्याला ऐकणारे हवेत. शर्ली बोलते, कारण तिला ऐकणारे नाहीतच. पण युक्ती तीच असल्यामुळे पडद्यावर दोघांचाही सूर 'ऐका हो' असाच लागतो. रंगमंचावर तिचे बोलणे खरोखर भिंतीवर आपटून परत येते आणि आपण ते जणू चोरून ऐकतो. कॅमेऱ्याकडे पाहून बोलणारी व्यक्ती मात्र आपण ऐकतो आहोत हे जाणून असते. मग तिचा एकटेपणा थोडा कमी होतो, आणि एकटेपणा कमी झाला की घर सोडण्याचे कारणही तितकेच हलके वाटू लागते.

या चित्रपटाबद्दल तेव्हाही एकमत नव्हते. पॉलीन कॉलिन्स यांना ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी नामांकनही मिळाले (ऑस्कर त्या वर्षी जेसिका टँडी यांना गेले, तेही नाटकावरून केलेल्या चित्रपटासाठी), परंतु अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांना तो मुळीच रुचला नव्हता. सामान्य प्रेक्षकांनी, विशेषतः बायकांनी, त्याला डोक्यावर घेतले. पुढे ब्रिटनमध्ये 'शर्ली व्हॅलेंटाइन' हे मध्यमवयीन बाईने एकटीने ग्रीसला जाऊन प्रेमात पडण्याचे टोपणनावच होऊन बसले. मला हे फार गमतीचे वाटते, आणि थोडे वाईटही. लोकांनी समुद्र लक्षात ठेवला आणि भिंत विसरली. खरे तर ग्रीक कोस्टास तिला जे गोड बोलतो तेच दुसऱ्या पर्यटक बाईलाही बोलताना ती ऐकते आणि तरी कोसळत नाही, कारण ती त्याच्या प्रेमात पडलेलीच नसते. ती त्याच्याच खाणावळीत काम मागते. तुमचे दोन काका चहा टाकायला गेले नसते तर त्यांना हेही दिसले असते.

आणखी एक माहिती : 2010 मध्ये मीरा स्याल यांनी लंडनमध्ये ही भूमिका केली. भारतीय वंशाच्या घरातून आलेल्या अभिनेत्रीने ती केली, ही गोष्ट तुमच्या गुरुवारच्या अंड्याच्या संदर्भात मला उगीचच आठवली.

उत्तर : मल्हारगंज

रामबागवाली ताई, पोहण्याची गोष्ट वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. त्या काकूंना माझा नमस्कार सांगा. नेहरू पार्कच्या तरण तलावाचे मला ठाऊक आहे, माझी जाऊ तिथे सकाळी जाते. काकूंना सोबत हवी असेल तर निरोप द्या. तुमच्या चर्चेचा विषय हा नव्हे याची मला कल्पना आहे.

रामबागवाली

मल्हारगंज ताई, निरोप पोहोचवला आहे. काकू 'बघू' म्हणाल्या, आणि त्यांच्या 'बघू'चा अर्थ त्यांचा नवरासुद्धा अजून लावू शकलेला नाही.

विंगेतल्या काकांच्या आणि सिनेमाच्या वहीच्या उत्तरांवरून आम्ही असे ठरवले आहे की पुढच्या महिन्यात चित्रपट न लावता नाटकाचा पहिला अंक वाचायचा. मी त्याचे मराठीत कच्चे रूपांतर सुरू केले आहे, आणि पुण्यात अडकलेल्या इंदुरी भाऊंनी निश्चिंत राहावे, त्यातली बाई 'येऊनच राहिली' आहे. वाचन मी स्वयंपाकघरात करणार आणि ऐकणारे शेजारच्या खोलीत बसणार. मधले दार उघडे राहील, त्यांना मी पाठमोरी दिसेन. चित्रपट पाहिलेले तेच लोक असतील, त्यामुळे जोचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर असणारच. तो आवाजाने कितपत पुसला जातो हे पाहायचे आहे. दोन्ही काकांना आधीच सांगून ठेवले आहे की चहा वाचन संपल्यावरच होईल.

बटाट्याचे काप खरोखर तळायचे, यावर सर्वांचे एकमत झाले. अंड्यांवरून मात्र घरमालकीण काकूंशी दोन दिवस वाटाघाटी चालल्या. वार शनिवार असल्यामुळे दत्ताची अडचण नव्हती, पण मारुतीची निघाली. अखेर असे ठरले की कढई ओट्यावर राहील आणि अंडी मागच्या गॅलरीत वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या तव्यात होतील, आणि तो तवा मी माझ्या घरून आणायचा व परत न्यायचा.